आजाराचे नाव कळले. अर्थ कळला का?

अनसिंग हे वाशीम-पुसद रस्त्यावरचे गाव. सोयाबीन-तुरीचा हा पट्टा. पावसाळा लागला की शेतातली कामे वाढतात आणि त्याबरोबर दवाखान्यातली तापाच्या रुग्णांची गर्दीही वाढते. सरकारी दवाखान्यातून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या हातात दोन गोष्टी असतात. एक गोळ्यांची पुडी, दुसरा केसपेपर. गोळ्या कशा घ्यायच्या हे औषध देणारा सांगतो. कागदावर काय लिहिले आहे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. मग तो कागद घरी येतो आणि बारावीतल्या नातवाच्या हाती पडतो. नातू मोबाइलवर एकेक अक्षर टाकून शब्द शोधतो आणि सगळ्या घराची झोप उडते.

उदाहरणार्थ, कागदावर ‘एपिस्टॅक्सिस’ लिहिलेले असते. शब्द असा, की एखादा दुर्धर आजार वाटावा. प्रत्यक्षात त्याचा अर्थ घोळणा फुटणे एवढाच. वऱ्हाडातल्या मे महिन्याच्या उन्हात जे पोरासोरांना नेहमी होते, त्यालाच ग्रीक भाषेत ‘थेंबथेंब गळणे’ म्हणत. तो शब्द इंग्रजीने जसाच्या तसा उचलला. ‘पायरेक्सिया’ म्हणजे ताप. ग्रीक ‘पायर’ म्हणजे आग. आपला ‘ताप’ही तापण्यावरूनच आला आहे. ‘प्रुरिटस’ म्हणजे खाज, ‘सिंगल्टस’ म्हणजे उचकी आणि ‘बोरबोरिग्मस’ म्हणजे पोटातली गुडगुड. हा शेवटचा शब्द तर ग्रीकांनी पोटातल्या आवाजावरूनच बनवला. आपणही ‘गुडगुड’ तसाच बनवला.

वैद्यकातले बरेचसे भीतिदायक शब्द असेच आहेत. त्यांचा ग्रीक-लॅटिन अंगरखा काढला, की आत रोजच्या वापरातला शब्द सापडतो. हे शब्द समजून घेणे हा केवळ भाषेच्या गमतीचा भाग नाही. शब्दाचा अर्थ न कळल्यामुळे माणसे नको ते पथ्य पाळतात, हवे ते औषध सोडतात आणि कधी कधी मोलाचा वेळ घालवतात.

उंदीर आणि बेडकी

युरोपात अनेक शतके विद्वानांची भाषा लॅटिन होती आणि वैद्यकाचे मूळ ग्रंथ ग्रीक होते. त्यामुळे शरीराच्या भागांना आणि आजारांना नावे त्या भाषांतून पडली. आपल्याकडे संस्कृतचे तसेच झाले. विषमज्वर, अपस्मार, पंडुरोग हे शब्दही सामान्य माणसाला सहज उलगडत नाहीत. खुद्द वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. त्यातल्या ‘गुल्म’ शब्दाचा एक अर्थ झुडपांचा पुंजका. आयुर्वेदात मात्र पोटातल्या गोळ्यासारख्या फुगवट्याला गुल्म म्हणतात. जिल्ह्याच्या नावातच वैद्यकातला एक शब्द दडलेला आहे, हे किती जणांच्या लक्षात येते?

पण ज्यांनी ही नावे पहिल्यांदा ठेवली, ती माणसे साधीच होती. डोळ्यांना जे दिसले, त्याचे नाव त्यांनी दिले. स्नायूला इंग्रजीत ‘मसल’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘छोटा उंदीर’. दंड आवळला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखा दिसतो, म्हणून हे नाव. मराठी माणसाला त्याच जागी बेडकी दिसली, म्हणून आपण ‘दंडाची बेटकुळी’ म्हणतो. पाठीच्या कण्याच्या टोकाला असलेल्या हाडाला इंग्रजीत ‘कॉक्सिक्स’ म्हणतात. ग्रीकांना ते कोकिळेच्या जातीतल्या एका पक्ष्याच्या चोचीसारखे वाटले. आपल्याला तिथे माकडाची शेपटी आठवली आणि आपण ‘माकडहाड’ म्हटले.

‘व्हॅक्सिन’ या शब्दात गाय आहे. लॅटिनमध्ये ‘वाक्का’ म्हणजे गाय. एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये गायीच्या देवीचा द्रव टोचून माणसाला देवीपासून वाचवता येते, हे दाखवले. पुढे लुई पाश्चर यांनी जेन्नर यांच्या सन्मानार्थ सगळ्याच लसींना हे नाव दिले. आपला ‘लस’ हा शब्द मात्र फोडातून पाझरणाऱ्या चिकट द्रवावरून आला. इंग्रजीने द्रव कुठून आला ते पाहिले, मराठीने टोचले काय ते पाहिले. भारतातली पहिली देवीची लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. तिच्या फोडातली लस मग पुढे इतर मुलांना टोचण्यात आली. म्हणजे मराठी शब्द अगदी अचूक होता.

कधी कधी दोन्ही भाषांना एकच चित्र दिसते. ‘डायबेटिस मेलिटस’मधल्या पहिल्या शब्दाचा ग्रीक अर्थ आरपार वाहून जाणे. प्यायलेले पाणी अंगात न थांबता सरळ निघून जाते, असे ते वर्णन. ‘मेलिटस’ म्हणजे मधासारखे गोड. मधुमेहाचा अर्थही तोच. ‘मेह’ म्हणजे लघवी होणे. रुग्णाच्या लघवीला मुंग्या लागतात, हे आपल्या जुन्या वैद्यांनी पाहिले होते. ‘कॅन्सर’ म्हणजे खेकडा. गाठीभोवतीच्या फुगलेल्या शिरा ग्रीक वैद्यांना खेकड्याच्या पायांसारख्या वाटल्या. आपला ‘कर्करोग’ हा त्याचाच अनुवाद.

चिकुनगुन्याचा कोंबडीशी संबंध नाही

शब्दाचा अर्थ न कळल्याने नुकसान कसे होते, याचे आपल्याकडचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे चिकुनगुन्या. हा शब्द खेड्यापाड्यात ‘चिकनगुनिया’ झाला आणि त्यातले ‘चिकन’ ऐकून कित्येक घरांत कोंबडी बंद झाली, अंडी बंद झाली. सांधे आखडलेला, आठवडाभर धड न जेवलेला माणूस अशक्त होत राहिला आणि घरचे त्याला पथ्य म्हणून वरणाचे पाणी पाजत राहिले.

हा शब्द आहे पूर्व आफ्रिकेतल्या माकोंडे लोकांच्या भाषेतला. १९५२-५३ मध्ये आजच्या टांझानियाच्या दक्षिण भागात या तापाची मोठी साथ आली. तिथल्या लोकांनी आजाराला जे नाव दिले, तेच डॉक्टरांनी पुढे शास्त्रीय लेखांत वापरले. अर्थ साधारण असा : ‘वाकवून टाकणारा’. सांधेदुखीने माणूस कसा वाकून चालतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यापेक्षा नेमके नाव सुचणार नाही. महाराष्ट्रात १९७३ मध्ये बार्शीत याची साथ आली होती. मग बरीच वर्षे हा आजार जणू विसरला गेला आणि २००५-०६ मध्ये देशभर पुन्हा पसरला.

हा आजार एडिस डासामुळे पसरतो. हा डास दिवसा चावतो आणि रांजण, ड्रम, कूलर, फुटके टायर यांतल्या साठलेल्या पाण्यात वाढतो. तेव्हा कोंबडी सोडून उपयोग नाही, पाण्याची भांडी आठवड्यातून एकदा घासून कोरडी करण्याचा आहे. रुग्णाने मांसाहार करत असल्यास अंडी-चिकन जरूर खावे, नसल्यास डाळी, उसळी, दूध घ्यावे. डेंगी नाही याची खात्री होईपर्यंत तापासाठी पॅरासिटामॉलच घ्यावे. दुकानातून मिळणाऱ्या इतर वेदनाशामक गोळ्या डेंगीत रक्तस्रावाचा धोका वाढवतात.

रुग्णाच्या तोंडचे शब्द डॉक्टरांनी उचलल्याचे आणखी एक उदाहरण ‘क्वाशिओरकोर’ हे आहे. मुलांच्या कुपोषणाचा हा प्रकार : हातापायांवर सूज, केस भुरके, मूल किरकिरे. सिसिली विल्यम्स या डॉक्टर आजच्या घानामध्ये काम करत होत्या. तिथल्या आया या आजाराला काय म्हणतात, हे त्यांनी विचारले आणि १९३५ मध्ये तेच नाव ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापले. गा भाषेतल्या या शब्दाचा आशय असा : ‘दुसरे बाळ आल्यावर पहिल्या बाळाला होणारा आजार’. पाठीवर भावंड आले, पहिल्याचे अंगावरचे दूध तुटले आणि त्याच्या वाट्याला नुसती पेज आली. आजाराचे कारण, रुग्णाचे वय आणि प्रतिबंधाचा उपाय, सगळे त्या आयांनी एका शब्दात सांगून टाकले होते. दोन मुलांत अंतर ठेवा आणि दूध तुटलेल्या मुलाला डाळ-अंडे द्या, हेच आपली अंगणवाडीताईही सांगते. तिच्या रजिस्टरमध्ये मात्र ‘सॅम’ आणि ‘मॅम’ अशी इंग्रजी आद्याक्षरे असतात आणि मुलाच्या आईला ती कुणाची तरी नावे वाटतात.

मराठी मोडशी, फ्रेंच कुत्रा

अशा शब्दांच्या प्रवासात मराठीही मागे नाही. १५४३ साली गोव्यात एक भयंकर साथ आली. उलट्या, जुलाब आणि काही तासांत मृत्यू. इथले लोक या आजाराला ‘मोर्शी’ म्हणतात, असे पोर्तुगीज इतिहासकार गास्पार कोरेया यांनी नोंदवून ठेवले. वीस वर्षांनी, १५६३ मध्ये, गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या वैद्यानेही या आजाराचे बारकाईने वर्णन केले आणि तोच शब्द दिला. हा शब्द म्हणजे कोकणी-मराठीतली ‘मोडशी’. मोडणे या क्रियापदावरून आलेली. माणसाचे शरीरच मोडून पडते, अशी.

पोर्तुगीजांनी त्याचे ‘मोर्देशिम’ केले. फ्रेंचांच्या कानाला तो शब्द ‘मोर द शिएन’ असा लागला आणि त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ निघाला ‘कुत्र्याचे मरण’! पुढे इंग्रजांनीही तो तसाच वापरला. भारतातल्या इंग्रजांच्या बोलीतील शब्दांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश १८८६ मध्ये निघाला. त्यात हा शब्द आणि त्याचे मराठी मूळ दिलेले आहे. आज आपण जडान्नाने पोट बिघडले तर ‘मोडशी झाली’ म्हणतो आणि सुंठ-गूळ खातो. एके काळी गावेच्या गावे ओस पाडणाऱ्या आजाराचे हे नाव होते, हे आता कुणाच्या मनातही येत नाही.

‘कॉलरा’ हे नाव तरी कुठून आले? ग्रीक ‘खोले’ म्हणजे पित्त. पित्त खवळल्याने हा आजार होतो, असे त्या काळी मानले जाई. आता आपल्याला ठाऊक आहे, की कॉलऱ्याचा जंतू एक विष तयार करतो आणि त्यामुळे आतड्यातून अंगातले पाणी आणि क्षार वाहून जातात. हे विष १९५९ मध्ये कोलकात्याच्या डॉ. शंभूनाथ डे यांनी दाखवून दिले. १९७१ मध्ये डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या निर्वासित छावणीत मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. शरीर ‘मोडते’ ते पाणी संपल्यामुळे. पित्तावर रोख ठेवणाऱ्या ग्रीक नावापेक्षा रुग्णाच्या अवस्थेवर रोख ठेवणारे मराठी नाव अधिक खरे ठरले. जुलाब सुरू झाले की पहिल्या तासापासून ओआरएस सुरू करा, हा त्यातला आजचा धडा.

चुकीच्या समजुतीची नावे

नाव ठेवणाऱ्याची समजूत चुकली, तरी नाव टिकून राहते. ‘मलेरिया’ म्हणजे इटालियन भाषेत ‘वाईट हवा’. दलदलीवरच्या कुबट हवेने ताप येतो, असा समज होता. २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचे परजीवी सापडले. हवा निर्दोष ठरली. नाव मात्र बदलले नाही. ‘इन्फ्लुएन्झा’ म्हणजे प्रभाव, तोही ग्रहताऱ्यांचा. ‘हिस्टेरिया’ हा शब्द गर्भाशयावरून आला आणि त्यापायी शतकानुशतके बायकांच्या खऱ्या दुखण्याला ‘बाईपणाचा आजार’ म्हणून उडवून लावले गेले.

या यादीतला सर्वांत घातक शब्द मात्र दिसायला अगदी सौम्य आहे. ‘इसेन्शियल हायपरटेन्शन’. आजही अनेक कागदांवर तो लिहिलेला असतो. ज्याचे एखादे ठराविक कारण सापडत नाही, असा उच्च रक्तदाब, एवढाच त्याचा अर्थ. १९११ मध्ये एका जर्मन डॉक्टरांनी त्या अर्थाने ‘मूळचाच’ अशा छटेचा शब्द वापरला होता. पण इंग्रजीत ‘इसेन्शियल’ म्हणजे ‘आवश्यक’ही होते. वय वाढले, रक्तवाहिन्या ताठरल्या, तर रक्त पुढे ढकलायला जास्त दाब लागणारच, तो कमी केला तर उलट अपाय होईल, असे त्या काळातल्या मोठमोठ्या डॉक्टरांनाही वाटत असे. शब्दाने या समजुतीला आधार दिला. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब अनेक वर्षे चढत गेला आणि १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने त्यांचा मृत्यू झाला. वाढलेला रक्तदाब औषधाने कमी केला तर जीव वाचतात, हे १९६७ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या अभ्यासाने स्पष्ट झाले.

हा शब्द आता मागे पडतो आहे; पण त्यातला गैरसमज गावागावांत जिवंत आहे. ‘वय झालं, आता बीपी राहणारच’ हे वाक्य त्याचेच मराठी रूप. उतारवयातही वाढलेला रक्तदाब चांगला नसतो. आणि गोळीने दाब नॉर्मल आला, म्हणजे आजार गेला असेही नाही. गोळी चालू आहे म्हणून तो नॉर्मल आहे.

आपली देशी नावेही दर वेळी योग्यच असतात असे नाही. एक बाजू लुळी पडली, तोंड वाकडे झाले, तर आपण ‘अर्धांगवायू झाला’ किंवा ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतो. वारे म्हटले की तेल आले, मालीश आली, कुणाला तरी दाखवणे आले. याच आजाराला इंग्रजीत ‘स्ट्रोक’ म्हणतात, म्हणजे फटका. आणि आपल्याकडेच एक जुना, जास्त चांगला शब्द आहे : पक्षाघात. पक्ष म्हणजे बाजू, आघात म्हणजे फटका. हा फटका मेंदूला बसलेला असतो. रक्तवाहिनी तुंबलेली असते किंवा फुटलेली असते. तुंबली असेल तर गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, तेही सीटी स्कॅन केल्यानंतरच. अनसिंगसारख्या ठिकाणाहून स्कॅनपर्यंत पोहोचण्यातच वेळ जातो. त्यातला एक तास मालिशीत घालवणे परवडत नाही. तोंड वाकडे, हात खाली पडतो, बोलणे अडखळते, यातले एक जरी अचानक दिसले, तरी १०८ ला फोन करावा. तोंडाने काही पाजू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

झुडूप, धूर आणि चूल

काही शब्द उलगडले तर निदानाला मदत होते. ‘स्क्रब टायफस’ हा त्यातला एक. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत या आजाराने अनेक बळी घेतले, तेव्हा हे नाव विदर्भात सर्वतोमुखी झाले. ‘स्क्रब’ म्हणजे खुरटी झुडपे. त्यांत आणि गवतात राहणाऱ्या अगदी बारीक माइटची पिल्ले चावतात आणि हा ताप येतो. बांधावरचे गवत कापणारे, सोयाबीनमध्ये निंदण करणारे, गुरे चारणारे यांना धोका अधिक. ‘टायफस’ म्हणजे ग्रीक भाषेत धूर. तापाने मेंदूवर धुरासारखी झापड येते, म्हणून.

‘टायफॉईड’चा अर्थ ‘टायफससारखा’. नावे जुळी असली तरी हे दोन वेगळे आजार आहेत. टायफॉईड दूषित पाण्या-अन्नातून होतो, स्क्रब टायफस चाव्यातून. त्यांची औषधेही वेगळी. गावात ताप लांबला की रक्ताची एक तपासणी होते आणि ‘टायफॉईड निघाला’ असे ऐकू येते. विडाल ही ती तपासणी बरेचदा फसवते. अशा वेळी दुसरा टायफस नजरेतून निसटतो.

त्याची एक खूण मात्र शरीरावर असू शकते. माइट जिथे चावते, तिथे सिगारेटचा चटका बसल्यासारखा काळा, न दुखणारा खपला धरतो. त्याला ‘एस्कार’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ चूल! चुलीचा चटका बसल्यासारखा डाग, म्हणून हे नाव. हा डाग काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली, स्तनाखाली असा लपलेला असतो. सगळ्यांनाच तो येतो असे नाही. पण अंग नीट धुताना असा चुलीच्या चटक्यासारखा डाग दिसला आणि ताप असेल, तर लाजू नये, डॉक्टरांना दाखवावा. डॉक्सिसायक्लिन या स्वस्त औषधाने हा आजार वेळेत बरा होतो. उशीर झाला तर फुप्फुसे आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

‘बीडी’ आणि ‘एसओएस’

आता चिठ्ठीवरच्या शब्दांकडे वळू. ‘ओडी’, ‘बीडी’, ‘टीडीएस’ ही अक्षरे जवळपास प्रत्येक चिठ्ठीवर असतात. ही लॅटिन शब्दांची आद्याक्षरे. अर्थ अनुक्रमे दिवसातून एकदा, दोनदा, तीनदा. ‘बीडी’चा विडीशी काही संबंध नाही, हे सांगावे लागते, यावरूनच ही पद्धत किती गैरसोयीची आहे ते कळावे. ‘एचएस’ म्हणजे झोपताना. ‘एसओएस’ म्हणजे जहाजावरून येणारा संकटाचा संदेश नव्हे. ‘गरज पडली तरच’ असा त्या लॅटिन शब्दांचा अर्थ. तो न कळल्याने कुणी वेदनाशामक गोळी रोज खातात, तर कुणी ‘फारच गंभीर औषध दिसतंय’ म्हणून ती घेतच नाहीत. त्यामानाने ‘१-०-१’ ही आपल्याकडची खूण सरळ आहे. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक.

एका औषधाच्या बाबतीत हा घोळ जिवावर बेततो. मेथोट्रेक्झेट हे संधिवातावर आणि सोरायसिसवर दिले जाणारे औषध आठवड्यातून फक्त एकदा घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतले, तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात आणि माणूस दगावू शकतो. अशा औषधासाठी चिठ्ठीवर मराठीत वाराचे नाव लिहून घ्यावे. आठवडी बाजाराचा दिवस ठरवला, तर विसरण्याची शक्यता कमी.

रिपोर्टवरच्या शब्दांचेही तसेच. ‘निगेटिव्ह’ वाचून रडणारी माणसे दवाखान्यात दिसतात. निगेटिव्ह म्हणजे शोधत होतो ते त्या नमुन्यात सापडले नाही. बहुतेक वेळा ही चांगलीच बातमी असते. मात्र ‘सापडले नाही’ आणि ‘नाहीच’ यांत फरक आहे. टीबीची एक तपासणी निगेटिव्ह आली आणि खोकला-वजन घटणे चालूच राहिले, तर पुन्हा जावे. ‘बेनाईन’ म्हणजे लॅटिनमध्ये सौम्य, मवाळ. म्हणजे कॅन्सर नसलेली गाठ. ‘अक्यूट’ म्हणजे भयंकर नव्हे, अलीकडे आणि झपाट्याने सुरू झालेला. ‘क्रॉनिक’ म्हणजे जुनाट. ‘इडिओपॅथिक’ म्हणजे ज्याचे कारण अजून सापडलेले नाही, असा.

विदर्भात आणखी एक शब्द नीट समजायला हवा : ‘सिकलसेल’. सिकल म्हणजे विळा. गोल असायला हवी ती लाल पेशी विळ्यासारखी वाकते. १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या अशा पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. नागपुरातल्या डॉक्टरांनी १९५८ मध्ये मध्य भारतातल्या या विकाराची नोंद केली. ज्याच्याकडे या विकाराचे एकच जनुक आहे, त्याला आपण ‘वाहक’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याला वाटते, हा माणूस रोग पसरवतो. तसे मुळीच नाही. वाहकाच्या शेजारी बसल्याने, त्याच्या ताटात जेवल्याने काही होत नाही आणि त्याची स्वतःची तब्येतही सहसा उत्तम असते. फक्त दोन वाहकांनी एकमेकांशी लग्न केले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून लग्नाआधी तपासणी. ‘वाहक’ या एका शब्दापायी सोयरिकी मोडल्या जाऊ नयेत आणि त्याच्या भीतीने तपासणीही टळू नये.

विचारावे काय?

दवाखान्यात गर्दी असते आणि डॉक्टरांपाशी प्रत्येकासाठी थोडीच मिनिटे असतात. तरीही चार प्रश्न विचारायला एका मिनिटाहून जास्त वेळ लागत नाही. या आजाराला आपल्या भाषेत काय म्हणतात? तो पसरतो का? औषध किती दिवस आणि कोणत्या वेळी? आणि काय दिसले तर लगेच परत यायचे? चारही उत्तरे कागदाच्या मागे मराठीत लिहून घ्यावीत. लिहिता येत नसेल, तर सोबतच्या माणसाने, नाहीतर आशाताईने लिहावीत. घरी येऊन मोबाइलवर शब्द शोधण्यापेक्षा हा कागद जास्त उपयोगी पडतो, कारण मोबाइल शब्दाचा अर्थ सांगतो, रुग्णाचे नव्हे.

डॉक्टरांनाही यात एक काम आहे. एपिस्टॅक्सिसच्या पुढे ‘घोळणा फुटला’ हे दोन शब्द लिहायला शाई फारशी लागत नाही. घानामधल्या आयांना आणि माकोंडेच्या शेतकऱ्यांना आजाराचे वर्णन डॉक्टरांपेक्षा चांगले जमले होते. वऱ्हाडातल्या माणसालाही ते जमते. ‘अंग मोडून येते’, ‘डोक्यात घण पडतात’, ‘पायात मुंग्या येतात’ ही वाक्ये नीट ऐकली, तर निम्मे निदान तिथेच होते. ते निदान मग त्याला त्याच्याच भाषेत परत सांगितले, तर उरलेले निम्मे काम, म्हणजे औषध नियमित घेणे, तो स्वतः करतो.